विश्लेषण : २५ हजारांत जुनी हाय-फाय यंत्रणा, पैसे कुठे घालावेत, कुठे हात आखडावा?

पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीतली घरे रिकामी होऊ लागली की शोकेसमधला गाण्यांचा संच बाहेर निघतो. नव्या घराच्या आराखड्यात त्याला जागा नसते, मुलांना तो नको असतो आणि भंगारवाला तो किलोच्या भावाने मागतो. दुसरीकडे पंचविशी-तिशीतले अनेक जण नेमका असाच संच शोधत असतात. ब्लूटूथ स्पीकरवर त्यांचे भागत नाही आणि नव्या संचाची किंमत परवडत नाही. या दोघांच्या मध्ये उभे असतात ते जुन्या मालाचे विक्रेते, मोबाइलवरच्या जाहिराती आणि ‘जपानी माल, ओरिजिनल, वर्किंग कंडिशन’ असे तोंडी दिलेले आश्वासन. थोड्या पैशांत फार चांगला आवाज मिळू शकतो, हे खरे आहे. महिन्याचा पगार घालून आणलेला संच पंधरा दिवसांत मुका होतो, हेही तितकेच खरे. संचावरचे नाव कोणते, यापेक्षा त्यातला कोणता भाग म्हातारा होतो आणि कोणता होत नाही, हे कळण्यावर हा सौदा अवलंबून असतो.

हाय-फाय म्हणजे नेमके काय?

‘हाय फिडेलिटी’चे हे लघुरूप. ध्वनिमुद्रणात जे आहे ते जसेच्या तसे ऐकवणे, त्यात स्वतःची भर न घालणे, एवढीच त्याची अपेक्षा. साधारणपणे अशा संचात तीन वेगळे घटक असतात. गाणे जिथून येते तो स्रोत (रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक, सीडी प्लेअर किंवा आता मोबाइल), तो संकेत मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. घटक सुटे असल्याने एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो. जुन्या बाजारात जाणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या रंगीत दिव्यांच्या ‘म्युझिक सिस्टीम’ मात्र या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्या खोक्यांवर ‘१००० वॉट पीएमपीओ’सारखे आकडे असत. पीएमपीओ हे कोणत्याही ठरलेल्या पद्धतीने न मोजता जाहिरातीसाठी वापरले गेलेले माप होते. त्यातल्या बऱ्याच संचांची सलग देता येणारी, म्हणजे आरएमएस ताकद त्याच्या एका छोट्या अंशाएवढीच भरत असे. आजही जाहिरातीत नुसते ‘हजार वॉट’ दिसले तर त्या संचाच्या मागच्या पट्टीवर वीजवापराचा आकडा पाहावा. भिंतीतून जो संच ८० वॉट घेतो तो स्पीकरला सलग हजार वॉट देऊ शकत नाही. हे शाळेतलेच भौतिकशास्त्र आहे.

संच जुना होतो तेव्हा त्यात काय बिघडते?

तांबे, लोखंड, लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियम चाळीस वर्षे सहज टिकतात. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर, स्पीकरची पेटी, चुंबक, जाड धातूचा पुढचा पत्रा यांना वयाची फारशी भीती नसते. म्हातारे होतात ते रबर, फोम, वंगण आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. या कॅपॅसिटरमध्ये द्रव असतो. तो वर्षानुवर्षे उष्णतेने सुकतो, कधी गळतो. रबरी पट्टे सैल पडतात किंवा वितळून डांबरासारखे चिकट होतात. वंगण घट्ट होऊन गोंद बनते. आवाजाच्या बटणाखालचा कार्बनचा थर झिजतो आणि बटण फिरवताना खरखर येते.

म्हणजे ज्या उपकरणात हलणारे भाग आणि रबर जास्त, ते जुने घेण्यात धोका अधिक. या हिशेबाने क्रम लावला तर सर्वांत सुरक्षित स्पीकर, मग अ‍ॅम्प्लिफायर, त्यानंतर रेकॉर्ड प्लेअर आणि सर्वांत शेवटी कॅसेट डेक व सीडी प्लेअर. गंमत अशी की बहुतेक लोक खरेदीची सुरुवात नेमकी उलट्या टोकाने करतात, कारण डेकची झाकणे उघडतात, सुया हलतात, दिवे लागतात. स्पीकर बिचारा कोपऱ्यात गप्प उभा असतो.

सर्वाधिक पैसे स्पीकरवरच का?

आवाजातला सर्वांत मोठा फरक स्पीकर पाडतो. दोन बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक ओळखायला कान टवकारावे लागतात. दोन स्पीकरमधला फरक शेजारच्या खोलीतूनही कळतो. शिवाय नव्या स्पीकरच्या किमतीतला मोठा वाटा लाकडी पेटी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा यांचा असतो. जुन्या मालात हा सगळा खर्च पहिल्या मालकाने भरलेला असतो.

आधी आकाराचा मोह आवरायला हवा. दहा बाय बाराच्या खोलीत बारा इंची वूफरचे भले मोठे खोके ठेवले तर खर्ज घुमतो आणि तबल्याचा डग्गा नुसता ‘बुमबुम’ करतो. अशा खोलीला पाच ते साडेसहा इंची वूफरचे, टेबलावर किंवा स्टँडवर बसणारे ‘बुकशेल्फ’ स्पीकर पुरेसे ठरतात.

तपासणी हाताने सुरू होते. पुढची जाळी काढून वूफरच्या पडद्याभोवतीची कड पाहावी. ती रबराची असेल तर बहुधा काळजी नाही. फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबून पाहावे. जुना फोम दाबताच भुगा होऊन पडतो. दमट हवेत तो लवकर कुजतो, म्हणून मुंबई-कोकणातल्या संचात ही तक्रार हमखास आढळते. फोमची कड बदलून मिळते आणि काम नीट झाले तर स्पीकर पुन्हा उत्तम वाजतो. त्यामुळे फाटका फोम दिसला की सौदा सोडण्यापेक्षा त्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

मग पडद्याच्या मधल्या भागाभोवती दोन्ही हातांची बोटे समान अंतरावर ठेवून तो अलगद आत ढकलावा. हालचाल मऊ आणि निःशब्द हवी. आत घासल्यासारखा ‘खर्र’ आवाज आला तर आतली तारेची गुंडाळी वाकडी झाली आहे किंवा जळली आहे. हे काम महाग पडते, स्पीकर तिथेच सोडावा. खिशात साधा मल्टिमीटर असेल तर स्पीकरच्या टोकांवर रोध मोजता येतो. ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो, ‘४ ओहम’चा तीन ते साडेतीन. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नये. लिहिलेले माप वाजत्या, म्हणजे बदलत्या प्रवाहासाठीचे असते आणि मल्टिमीटर स्थिर प्रवाहावर मोजतो. पण या चाचणीने वूफरच कळतो. उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या ट्विटरच्या वाटेत कॅपॅसिटर बसवलेला असतो, त्यामुळे तो मेलेला असला तरी मल्टिमीटरला पत्ता लागत नाही. त्यासाठी गाणे लावून थेट ट्विटरजवळ कान न्यावा. तिथून झांज आणि ‘स’, ‘श’ ऐकू यायलाच हवेत.

ऐकण्याची चाचणी स्वतःच्या ओळखीच्या गाण्यांवर करावी. विक्रेता जे लावून दाखवतो ते त्याच्या संचाला शोभणारेच असते. मोबाइल, त्याची हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली केबल सोबत न्यावी. अ‍ॅम्प्लिफायरवरचे बास-ट्रेबल मधोमध ठेवावेत आणि ‘लाउडनेस’चे बटण बंद करावे, ते बहुतेक ठिकाणी मुद्दाम दाबून ठेवलेले असते. किशोरी आमोणकर किंवा भीमसेन जोशी यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले तर मागचा तानपुरा सुटा ऐकू येतो का, हे पाहावे. तो आवाजात विरघळून गेला तर ट्विटर थकलेला असू शकतो. दुसरी चाचणी आणखी सोपी आहे. पन्नास-साठच्या दशकांतली बहुतेक मराठी भावगीते मोनो पद्धतीने मुद्रित झालेली आहेत. असे गाणे लावून दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसले की गाणारा आवाज समोर मधोमध यायला हवा. तो एका बाजूला सरकला तर एक स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायरची एक बाजू कमजोर आहे. तारा अदलाबदल करून पाहिल्या की दोघांपैकी दोषी कोण तेही समजते.

किती वॉट लागतात?

जाहिराती सांगतात त्यापेक्षा पुष्कळच कमी. स्पीकरवर ‘८७ डीबी’ असा संवेदनशीलतेचा आकडा असेल तर त्याला एक वॉट दिल्यावर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज येतो. घरात गप्पा मारत ऐकताना एक वॉटही पुरा लागत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. म्हणून ४० आणि ५० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाजाच्या उंचीत एक डेसिबलचाच फरक आहे, त्यासाठी हजारो रुपये जास्त मोजण्यात अर्थ नाही. २० वॉटमध्ये हाच स्पीकर १०० डेसिबलपर्यंत जातो. तोवर सोसायटीच्या सचिवांचा फोन आलेला असेल.

एनएडी या कंपनीचा ३०२० हा अ‍ॅम्प्लिफायर १९७८ साली आला तो अवघ्या २० वॉटचा. तरीही तो स्वस्तातल्या हाय-फायचा मापदंड ठरला आणि प्रचंड खपला.

अ‍ॅम्प्लिफायर जुना घ्यावा की नवा?

इथे थोडे थांबावे लागते. काही वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘जुना’ असे होते. आता ‘क्लास डी’ तंत्राचे तळहाताएवढे अ‍ॅम्प्लिफायर काही हजार रुपयांत नवे मिळतात. ते फारसे तापत नाहीत, वीज कमी खातात आणि ब्लूटूथही सोबत देतात. त्यांच्यावर लिहिलेले वॉट बऱ्याचदा १० टक्के विकृती गृहीत धरून काढलेले असतात, त्यामुळे निम्मा आकडा खरा धरावा; पण निम्मे वॉटही खोलीला पुरतात. दुरुस्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या चाळीस वर्षांच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी दहा-पंधरा हजार मोजण्यापेक्षा असा नवा छोटा घेऊन वाचलेले पैसे स्पीकरवर घालणे अधिक शहाणपणाचे. ज्यांना केवळ ऐकायचे आहे त्यांच्यासाठी हा मार्ग बरा.

सत्तरच्या दशकातल्या मरँट्झ, पायोनियर, सॅन्सुई यांच्या रुपेरी चेहऱ्याच्या, निळ्या-हिरव्या उजेडाच्या रिसीव्हरचे भाव आज चढे आहेत. त्यातले काही खरोखर उत्तम आहेत. पण ती किंमत बऱ्याच अंशी त्या उजेडाची असते. २५ हजारांच्या आतल्या ग्राहकाने त्यांच्याकडे कौतुकाने पाहावे आणि पुढे जावे.

जुना अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाच असेल तर भारतीय बनावटीचा विचार जरूर करावा. १९९१पूर्वी आयातीवर परवाने आणि भारी शुल्क होते, त्यामुळे देशातच हा माल बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. कोलकात्याची सोनोडाइन १९७० साली सुरू झाली. कॉस्मिक, नॉर्ज ही नावेही त्या काळच्या रसिकांच्या ओठावर होती. या संचांचा फायदा असा की ते मुळातच २३० व्होल्टवर चालतात, आतली मांडणी मोकळी असते आणि त्यातल्या अनेकांत २एन३०५५सारखे सर्वत्र मिळणारे ट्रान्झिस्टर वापरलेले असतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असे सुटे भाग मिळतात. नकलीही मिळतात, म्हणून स्वस्तात स्वस्त मागू नये.

याउलट ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या अनेक जपानी संचांत ‘एसटीके’ मालिकेची एकसंध मोड्युले असतात. सगळा शेवटचा टप्पा एकाच काळ्या ठोकळ्यात. तो जळला की मूळ भाग मिळणे कठीण आणि बाजारात नकलांचा सुळसुळाट. विक्रेत्याने ‘नुकतेच एसटीके बदलले’ असे सांगितले तर ती जमेची बाजू समजू नये.

चालू करून पाहताना पहिली अट एकच. संच थंड असताना, ग्राहकासमोर सुरू झाला पाहिजे. बऱ्याच जुन्या संचांचा दोष पहिल्या दहा मिनिटांतच दिसतो. सुरू करताना मोठा ‘धप्प’ होतो का? आवाज शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावल्यावर घरघर येते का? आली तर मुख्य कॅपॅसिटर सुकले असण्याची शक्यता मोठी. बटण फिरवताना येणारी खरखर तितकी गंभीर नाही, संपर्क स्वच्छ करणाऱ्या फवाऱ्याने ती बहुधा जाते. एक बाजू अधूनमधून गप्प होत असेल आणि आवाज वाढवला की परत येत असेल तर आतल्या रिलेचे संपर्क काळे पडलेले असतात. हेही दुरुस्त होते. निदान अर्धा तास वाजवून मग वरच्या पत्र्यावर हात ठेवावा. कोमट चालेल, चटका नको आणि जळका वास तर मुळीच नको.

मल्टिमीटर असल्यास आणखी एक मोजणी करावी, तीच सर्वांत महत्त्वाची. स्पीकर काढून ठेवायचे, आवाज शून्यावर ठेवायचा आणि दहा मिनिटांनी स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्ट पाहायचे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. शंभराच्या पुढे गेला तर कारागिराला दाखवल्याशिवाय घेऊ नये. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर तो अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला स्पीकर जाळू शकतो, आणि या सौद्यातली सर्वांत मोलाची वस्तू तर स्पीकरच असतो.

वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेला संच थेट प्लगमध्ये घालू नये. इलेक्ट्रिशियनकडे ‘सिरीज बोर्ड’ असतो. त्यात ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब संचाच्या वाटेत जोडलेला असतो. सुरू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बहुधा आत शॉर्ट नाही. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बने संच वाचवलेला आहे. दोन पिनांच्या जुन्या वायरीला अर्थिंग नसते, हेही लक्षात ठेवावे. धातूच्या पेटीला टेस्टर लावल्यावर तो पेटला तर कारागिराने तपासेपर्यंत संच वापरू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो, आणि व्हॉल्व्हच्या संचात तो जिवावर बेतण्याइतका असतो. पेटी उघडून पाहण्याची हौस माहितगारावरच सोडावी.

११० व्होल्टचा घोळ काय आहे?

जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० व्होल्टची. त्या देशांसाठी बनलेला संच आपल्या २३० व्होल्टमध्ये थेट लावला की फ्यूज तरी उडतो किंवा धूर तरी निघतो. कोकणात आणि गोव्यात आखाती देशांतून परतलेल्यांनी आणलेले संच पुष्कळ आहेत. त्यातले दुबईचे बहुधा आपल्याच व्होल्टेजवर चालणारे असतात, पण सौदी अरेबियात घरगुती वीज पूर्वी १२७ व्होल्टची होती. अनेक संचांच्या मागे व्होल्टेज बदलण्याची खाच असते. ती २२० किंवा २४०वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी पाहायचे.

अशी खाच नसेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो संचाच्या वीजवापराच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्यावा आणि त्याची किंमत संचाच्या किमतीत धरूनच घासाघीस करावी. विक्रेते हा खर्च सांगायला सोयीस्करपणे विसरतात. म्हणूनच जाहिरात पाहून पहिला प्रश्न ‘शेवटची किंमत काय?’ असा न विचारता मागच्या पट्टीचा स्पष्ट फोटो मागवावा. मॉडेल, व्होल्टेज, वॉट आणि कोणत्या देशासाठी बनवला, हे सगळे त्या एका फोटोत असते.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. अ‍ॅम्प्लिफायरला याने सहसा बाधा येत नाही. पण काही जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर या वारंवारतेवरच वेग ठरवते. तसा अमेरिकी प्लेअर इथे मिनिटाला ३३⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीस फेरेच घेईल आणि काळी चारमधले गाणे पांढरी चारच्या आसपास येऊन बसेल. काही मॉडेलमध्ये मोटरवरची कप्पी बदलून हे सुधारता येते. ती मिळणार आहे का, याची खात्री आधी करावी.

रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा तर?

घरात आजोबांच्या तबकड्या असतील तर हा मोह टाळणे अवघड. तबकड्या कोणत्या आहेत, हे आधी पाहायला हवे. बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या आहेत. त्यांच्या खाचा रुंद असतात आणि त्यांना सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास असते. एलपीच्या सुईवर ७८ची तबकडी लावली तर सुई खाचेच्या तळाशी घरंगळते आणि नुसता कचरा ऐकू येतो. शिवाय आजचे बरेचसे प्लेअर ७८च्या वेगावर चालतच नाहीत.

एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या छोट्या पेटीतल्या प्लेअरवर अनेक मराठी घरांनी पहिल्यांदा गाणी ऐकली. आठवण म्हणून तो जरूर जपावा, पण चांगल्या अवस्थेतली एलपी त्यावर रोज वाजवू नये. त्यातले सिरॅमिक कार्ट्रिज तबकडीवर चार-पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक भार टाकते. चुंबकीय कार्ट्रिजचा भार बहुधा दीड ते तीन ग्रॅम असतो. नव्या, रंगीत, सुटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्लेअरमध्येही अनेकदा सिरॅमिकच असते. चुंबकीय कार्ट्रिजचा संकेत मात्र अवघा काही मिलिव्होल्टचा, त्याला वेगळा ‘फोनो’ टप्पा लागतो. बऱ्याच जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो असतो, नव्या क्लास डी डब्यांत सहसा नसतो.

जुना प्लेअर पाहताना बाहू टोकाशी हलकेच हलवून मुळाशी खुळखुळतो का ते बघावे. वेग मोजायला वर्तुळाकार रेषांचा स्ट्रोब कागद मिळतो. ५० हर्ट्झसाठी ३३⅓ वेगावर त्यात १८० रेषा असतात आणि वेग बरोबर असेल तर दिव्याखाली त्या स्थिर दिसतात. चांगल्या एलईडीचा उजेड लुकलुकत नसल्याने त्याखाली ही चाचणी फसते, जुना पिवळा बल्ब किंवा चोकची ट्यूबलाइट लागते. तबकडी शेवटाकडे जाताना ‘स’ आणि ‘श’ फाटू लागले तर सुई झिजलेली आहे. नवी सुई मिळते का आणि केवढ्याला, हे प्लेअरचा भाव ठरवण्यापूर्वीच विचारावे. जुनी सुई लावून वडिलोपार्जित तबकडी खरवडली गेली तर ती परत मिळत नाही.

कॅसेट आणि सीडीचे काय?

घरात जपून ठेवलेल्या कॅसेट नसतील तर डेक घेऊ नये. पट्टे, रबरी चाक, घासलेले हेड असे सगळेच एकदम बदलावे लागते आणि ते काम जाणणारे हात कमी होत चालले आहेत. सीडी प्लेअरचा जीव लेझरमध्ये असतो, तो थकला की नकली भागावर दिवस काढावे लागतात. सीडी ऐकायच्याच असतील तर माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर काढावा, तो सीडी वाजवतो. नाही तर मोबाइल आणि एक चांगले डॅक, म्हणजे अंकीय संकेताचा ध्वनीसंकेत करणारी छोटी डबी, स्रोत म्हणून पुरेशी आहे.

शोधायचे कुठे आणि फसवणूक कशी टाळायची?

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात रविवारी-बुधवारी मंगळवार पेठेजवळ भरणारा जुना बाजार ही ठिकाणे सर्वांना माहीत आहेत. तिथे निवड मोठी असते. पण पुन्हा रंगवलेला पत्रा, एका कंपनीच्या पेटीत दुसऱ्याच कंपनीचा वूफर, असले प्रकारही असतात. मंडपवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर ‘हेवी ड्युटी’ म्हणून विकायला येतात. ते लांबवरच्या कर्ण्यांसाठी बनवलेले आणि बहुधा मोनो असतात, घरच्या ऐकण्याला उपयोगाचे नाहीत. सर्वांत चांगला माल अनेकदा पहिल्या मालकाच्या घरीच मिळतो. तिथे संच जोडलेला असतो, माहितीपुस्तिका असते आणि त्याने काय सोसले आहे ते सांगणारे माणूसही असते. अशा ठिकाणी फार घासाघीस करणे शोभत नाही.

ऑनलाइन जाहिरातीत संच न पाहता टोकन देऊ नये. ‘लष्करात आहे, बदली झाली, कुरिअरने पाठवतो’ ही कथा आता जुनी झाली, तरी लोक तिला फसतात. विकणाऱ्यांनाही एक सूचना : पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे. जितका उशीर तितके पैसे थांबवणे अवघड. भाव संशयास्पद वाटण्याइतका कमी असेल तर विक्रेत्याकडून नाव-पत्त्यासह पावती घ्यावी. माल चोरीचा असल्याचे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असूनही तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

खरेदीला निघण्यापूर्वीचे एक काम मात्र बहुतेक जण करत नाहीत. आपल्या भागात जुने संच दुरुस्त करणारा कारागीर आहे का, ते शोधून त्याला भेटून यायचे. कोणत्या मॉडेलचे भाग मिळतात, कोणते संच त्याच्याकडे पुन्हापुन्हा येतात, हे तो दहा मिनिटांत सांगतो. जमले तर त्याला त्याचे मानधन देऊन संच पाहायला सोबत न्यावे.

२५ हजारांची वाटणी कशी करावी?

स्पीकरला बारा हजार, अ‍ॅम्प्लिफायरला सहा, केबल-स्टँड आणि डॅक मिळून दोन, आणि उरलेले पाच हजार दुरुस्तीसाठी बाजूला. शेवटच्या आकड्याला हात लावायचा नाही, समोर कितीही सुंदर रिसीव्हर दिसला तरी. रेकॉर्ड प्लेअर याच पैशांत बसवायचा हट्ट केला तर तिन्ही गोष्टी अर्ध्यामुर्ध्या होतात. तो सहा महिन्यांनी, वेगळ्या बचतीतून घ्यावा. जाड सोनेरी केबलवर एकही रुपया अधिक घालू नये. तीन-चार मीटरच्या अंतराला चांगल्या तांब्याची साधी दीड चौरस मिलिमीटरची दुहेरी वायर पुरते.

घरी आणताना आणि आणल्यावर

स्पीकर पडद्याला धक्का लागणार नाही असे, तोंडाला तोंड लावून पुठ्ठा मध्ये घालून बांधावेत. रेकॉर्ड प्लेअरची फिरती थाळी काढून वेगळी घ्यावी, बाहू दोऱ्याने बांधावा आणि सुईवर टोपण लावावे. पावसाळ्यात भिजट हवेतून आणलेला संच लगेच सुरू न करता रात्रभर घरात तसाच ठेवावा. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नयेत. भिंतीपासून वीतभर पुढे, ट्विटर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर आणि दोघांतले अंतर साधारण ऐकणाऱ्यापासूनच्या अंतराएवढे असावे. किनारपट्टीवरच्या घरांत तारांची टोके खाऱ्या हवेने हिरवी पडतात, ती वर्षातून एकदा सोलून पुन्हा घट्ट बसवावीत. आणि जून ते सप्टेंबर संच बंद ठेवू नये. आठवड्यातून अर्धा-एक तास वाजवला तरी आतली ओल निघून जाते.